उरलेला चुना

कळीचा चुना मिळवायला यंदा मला राहुरीच्या बाजारात तीन दुकानं पालथी घालावी लागली. पहिल्या दोघांनी माझी कीव आल्यासारखं बघून डिस्टेंपरच्या बादल्या पुढे केल्या. तिसरा दुकानदार म्हातारा होता. त्यानं आत जाऊन गोणीतून चार मोठे खडे काढले, वर्तमानपत्रात बांधले आणि विचारलं, "कबरींसाठी का?" मी हो म्हणाले. पूर्वी या आठवड्यात तुमच्या लोकांची इथं गर्दी असायची, असं तो म्हणाला. मी पुडा नाकाशी नेला. तो कोरडा, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा वास आला आणि गुडघेदुखी, चष्मा, पेन्शन सगळं सोडून मी आठ वर्षांची होऊन बाजारात उभी राहिले.

आमच्या घरी हा चुना उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भिजायचा. बारा ते तीनची लांबलचक उपासना, पोटात उपासाची आग आणि देवळातून परतताना पायाखाली तापलेला फुफाटा. आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. घरी आलं की आई पदर खोचून अंगणात जुनं मडकं मांडायची, त्यात चुन्याचे खडे ठेवायची आणि मला चार हात लांब उभं करून वरून पाणी ओतायची. आधी काहीच व्हायचं नाही. मग बारीक फुसकारा ऐकू यायचा. मग खडे तडकायचे, फुलायचे, वाफ उठायची आणि मडक्यातलं पाणी रटरटा उकळायला लागायचं. चूल नाही, जाळ नाही, काडी नाही! रोज डोळ्यांत धूर घेऊन फुंकणी फुंकणाऱ्या बाईच्या पोरीला याहून मोठं नवल कुठलं दिसणार? मी आ वासून बघत राहायची. रविवारच्या शब्बाथशाळेत एकदा पाळकसाहेबांच्या बाईंनी विचारलं होतं, देव कसा असेल असं तुम्हाला वाटतं? कुणी मेंढपाळ म्हणालं, कुणी राजा. मी म्हणाले, भिजत घातलेल्या चुन्यासारखा. सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या. पण आज इतक्या वर्षांनी कुणी विचारलं तर माझं उत्तर फारसं बदललेलं नाही.

शनिवारी सकाळपर्यंत चुना निवून सायीसारखा दाट झालेला असायचा. आई त्यात मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ घालायची. कुंचा दादा करायचा. दादा म्हणजे माझे वडील. ते पाटकरी होते, कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं त्यांचं काम. कालव्याच्या कडेचं घायपात ठेचून, त्याचा वाख धुऊन, वाळवून ते असा काही कुंचा बांधायचे की बाजारचा ब्रश त्यापुढे झक मारेल. त्यांनी बांधलेला शेवटचा कुंचा अजून आईकडे आहे. दादांना जाऊन वीस वर्षं झाली, पण त्या कुंच्याची गाठ सुटलेली नाही.

कबरस्थान गावाबाहेर, कालव्याला लागून. ईस्टरच्या दिवसांत तिथला कडुलिंब फुलावर असायचा आणि त्या बारीक फुलांचा कडूगोड वास मी कुठेही ओळखेन. शनिवारी तिथं माणसांची लगबग असायची. कुणी गवत उपटतंय, कुणी क्रूस सरळ करतंय, कुणी आपल्या माणसाचं पुसट झालेलं नाव काडीनं गिरवतंय. उद्या पहाटेची उपासना इथंच व्हायची होती आणि आपलं माणूस त्या वेळी मळक्या अंगानं दिसू नये, असं प्रत्येकाला वाटायचं. मोठ्या माणसांच्या कबरी मध्ये होत्या, नावागावाच्या. लहान मुलांची ओळ मात्र भिंतीकडेला. तिथं नावं नव्हती, क्रूसही नव्हते. नुसते दगड, अकरा दगड. त्यातला लिंबापासून तिसरा आमचा होता.

करुणा माझ्या आधीची. एकोणीस दिवस जगली. आषाढातल्या एका संध्याकाळी धो धो पावसात दादा तिला आपल्या धोतरात गुंडाळून घेऊन गेले. आई बाळंतीण, खाटेवर. तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. परत आल्यावर दादा एवढंच म्हणाले, लिंबापासून तिसरी. त्याच पावसाळ्यात गावात हगवणीची साथ आली आणि भिंतीकडेची ती ओळ दोन्ही बाजूंनी लांबत गेली. पुढच्या ईस्टरला आई पहिल्यांदा तिथं गेली तेव्हा दादांनी लिंबापासून मोजून तिसरा दगड दाखवला. तो फुटक्या जात्याचा अर्धा तुकडा होता, मध्ये भोकाची अर्धी खाच असलेला. कबर खोदणाऱ्या बाबानं मागाहून ठेवला असेल, असं दादा म्हणाले. इतक्या ठामपणे म्हणाले, की आई तिथंच मटकन बसली. त्या दिवसापासून तो दगड म्हणजे करुणा झाला.

मला तर माझी बहीण अशीच माहीत होती. मी त्या खाचेत बोट घालून तिच्याशी गप्पा मारायची. शाळेतली भांडणं सांगायची, चिंचा ठेवायची. आईनं तिला चुना लावताना माझ्या वेणीपेक्षा जास्त वेळ घेतला की मला रागही यायचा.

चुन्याची एक गंमत आहे, ती डिस्टेंपरवाल्यांना कळायची नाही. ओला चुना पांढरा दिसत नाही. लावला की दगड नुसता भिजल्यासारखा, उलट जास्तच काळपट दिसतो. पहिल्यांदा मला कुंचा मिळाला तेव्हा मी रडवेली झाले होते, की माझ्या हातून काहीच होत नाहीये. आई म्हणाली, "आत्ता न्हाई दिसायचं. वाळलं की दिसतं." आणि खरंच, आम्ही लिंबाखाली बसून भाकरी खाईपर्यंत कडेकडेनं पांढरं उमलायला लागायचं. नेमकं कोणत्या क्षणी, ते मला कधीच पकडता आलं नाही. मी डोळे ताणून बघायची, आणि एक घास खायला मान वळवली की तेवढ्यात झालेलं असायचं.

मी आठ वर्षांची होते त्या वर्षीची गोष्ट. आई चुना पातळ करायला विहिरीवरून पाणी आणायला गेली होती आणि मी मडकं राखत लिंबाखाली बसले होते. फाटकातून एक अनोळखी बाई आली. कडेवर गाठोडं, हातात चुन्याचा लहानसा गडू. ती कुणाला काही न विचारता सरळ भिंतीकडे गेली, आमच्या दगडाशी बसली आणि तिनं त्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. मी विहिरीकडे पळत सुटले. आई, आपल्या करुणावर कुणी बाई बसलीय!

आई घागर घेऊन तिच्या मागे येऊन उभी राहिली. बाई रडत होती आणि तिचं बोट त्या खाचेत होतं, जिथं माझं असायचं तिथंच. आईनं विचारलं, कुठल्या तुम्ही? ती पुणतांब्याची होती. कालव्याचं काम चाललं होतं तेव्हा तिचा नवरा इथं कामाला होता, वर्षभर त्यांचं पाल कालव्यावरच होतं. साथीत तिचा चार महिन्यांचा दाविद गेला आणि पुढच्याच आठवड्यात काम संपून त्यांना जावं लागलं. नंतर पोरं, सासू, शेती. यायचं यायचं म्हणताना इतकी वर्षं गेली.

"ह्यो माझ्या जात्याचा दगड हाय," ती म्हणाली. "दळताना त्यो माज्या मांडीवर असायचा. म्हनून मीच आनून ठेवला." मग पदरानं डोळे पुसून तिनं दगडावरून हात फिरवला, हाताला लागलेला जुना चुना बघितला आणि आईला विचारलं, "पर ह्यो रंगवला कुनी?"

आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "मंडळी रंगवती," ती म्हणाली. "दर साली समद्याच रंगवत्यात."

माझी आई खोटं बोलत नसे. दूधवाल्याशी नाही, पाटबंधारेच्या साहेबाशी नाही. आणि ती कबरस्थानात, ईस्टरच्या आदल्या दिवशी, धडधडीत खोटं बोलली होती. मी आ करून तिच्याकडे बघत राहिले. त्या बाईनं ओळीतल्या बाकीच्या दगडांकडे एकवार पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि खाली मान घातली. आई तिच्याशेजारी बसली. दोघींनी मिळून तो दगड रंगवला. आईनं विचारलं, चार महिन्यांचा म्हणजे पालथा पडायला लागला असेल ना? ती म्हणाली, व्हय, नुकताच. माझ्या आईनं असं तिला काय काय विचारलं, आणि ती सांगत राहिली, चुना वाळेपर्यंत.

मग आई उठली. मडक्यात डोकावली. "चुना उरलाय," म्हणाली आणि कुंचा घेऊन पहिल्या दगडापाशी गेली. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा. पुणतांब्याची बाईही मग दुसऱ्या टोकानं निघाली. दोघी मध्ये कुठेतरी भेटल्या. घरी जाताना आई मला एवढंच म्हणाली, की दादांना सांगायचं नाही. मी नाही सांगितलं. दादा जन्मभर लिंबापासून तिसऱ्या दगडाला हात लावून नमस्कार करत राहिले, आणि आई शेजारी उभी राहून त्यांना तो करू देत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सगळे मेणबत्त्या घेऊन अंधारात निघालो. कालव्याच्या कडेनं ती दिव्यांची रांग, पुढे कुणाच्या तरी गळ्यातली पेटी, मागे टाळ, आणि पोरांच्या बोटांवर सांडणारं गरम मेण. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे." सगळी माणसं म्हणाली, "खरोखर उठला आहे." तेवढ्यात कालव्यापलीकडे उजाडलं, आणि भिंतीकडेची ती अख्खी ओळ पहिल्यांदाच उजळली. इतकी वर्षं तिथं एक पांढरा ठिपका दिसायचा. आता अकरा दगड, एका उंचीचे, एका रंगाचे. गाणं सुरू करायचं सोडून पाळकसाहेब घटकाभर तिकडे बघत राहिले. मला मडक्यातलं ते जाळाविना उकळणारं पाणी आठवलं होतं.

त्यानंतर पुणतांब्याची सगुणामावशी दर साल येऊ लागली. आदल्या दिवशीची एसटी, गाठोड्यात गव्हाच्या कुरडया, आमच्याकडे मुक्काम. शनिवारी दोघी दोन टोकांनी सुरू करायच्या आणि मध्ये भेटायच्या. आई दर वर्षी मुद्दाम जास्तीचा चुना भिजवायची आणि दर वर्षी तितक्याच साळसूदपणे म्हणायची, उरलाय. मला वाटायचं, मावशीला काहीच कळलेलं नाही. आईलाही तसंच वाटायचं.

सोळाव्या वर्षी माणसाला सगळं कळतं. मलाही कळलं, की आपली करुणा यांतली कुठली हे आईला ठाऊकच नाही. त्या वर्षी परत येताना मी तिला छेडलंच. मग आपली कुठली? ती म्हणाली, देवाला म्हाईत हाय. मी उसळले. त्याला माहीत आहे तर सांगत का नाही? एका आईला एवढंसं सांगायला त्याचं काय जातं? आईनं डोक्यावरचं रिकामं मडकं सावरलं आणि चालत राहिली. तो प्रश्न मी तिथंच कालव्याच्या कडेला टाकून दिला असं मला वाटलं होतं, पण तो माझ्याबरोबर पुण्यापर्यंत आला.

मी नर्स झाले. छत्तीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढली. मूल रडलं की देव आहे असं वाटायचं, रडलं नाही की तोच जुना प्रश्न दात विचकायचा. दर रविवारी चर्चला गेले, गीतं पाठ म्हटली, डोळे मिटले की उद्याची ड्यूटी दिसायची. देव शोधायचा तर तो एखाद्या मोठ्या प्रसंगात, दणक्यात भेटेल, अशी माझी समजूत होती. तो काही भेटला नाही, आणि मीही फार हटून बसले नाही.

आता माझ्या खोट्याकडे येते. तीन वर्षांपूर्वी आईचे गुडघे पार गेले. ती राहुरीला भावाकडे असते, आणि चुन्याचं काम बायकांचं, असं आमच्या बंधुराजांचं ठाम मत आहे. सगुणामावशी त्याच हिवाळ्यात वारल्याचं कळलं होतं. आईनं मला सांगितलं, ईस्टरला पुण्याहून येतेस, गाव वाटेतच आहे, शनिवारी थांबून रंगवून ये. पहिल्या वर्षी गाडी पंक्चर झाली, उशीर झाला, आणि आईनं दारातच विचारलं, रंगवलं का? तिचा चेहरा बघून माझ्या तोंडातून हो निघून गेलं. दुसऱ्या वर्षी ऊन फार होतं. तिसऱ्या वर्षी काहीच कारण नव्हतं. "रंगवलं," मी म्हणाले, आणि आईनं समाधानानं डोळे मिटले. त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघताना मला इतकी लाज वाटली की मी उठून स्वयंपाकघरात गेले.

यंदा आई म्हणाली, मला एकदा ने. शहाऐंशी वर्षं झाली, आता पुढच्या सालाचं कुणी सांगावं. मी उन्हाचं सांगून पाहिलं, रस्त्याचं सांगून पाहिलं. ती काही बधली नाही. म्हणून शुक्रवारी तो चुना आणला, भावाच्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या बादलीत भिजत घालायला निघाले तर आईनं खुर्चीवरूनच हटकलं, की वितळेल ना ती. मग स्टीलची बादली घेतली. पाणी ओतलं, फुसकारा आला, वाफ आली. आई बघत होती, मीही. साठी उलटलेली बाई आणि तिची म्हातारी आई, दोघी तोंड उघडं टाकून.

शनिवारी पहाटेच निघालो. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होते. पावसानं धुऊन निघालं असेल आई. चुना भेसळीचा होता आई. तीन वर्षांचे काळवंडलेले अकरा दगड तिला एका नजरेत सगळं सांगणार होते. ती रागावण्याची भीती नव्हती. आपली मुलगी तीन वर्षं मळक्या अंगानं पडून होती, हे तिला या वयात बघावं लागणार होतं, आणि ते माझ्यामुळे. गाडी थांबवली, तिला हाताला धरून उतरवलं. लिंब फुलावर होता. फाटकातून आत गेलो, मी जीव मुठीत धरून भिंतीकडे पाहिलं.

अकराही दगड पांढरे होते.

चुना गेल्या साली लावलेला असावा असा, एका पावसाळ्यानं जरा मवाळ झालेला, पण पांढराच. आई काठी टेकत पुढे गेली, वाकून एका दगडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हात बरा हाय तुझा. मला वाटलं हुतं, पातळ लावशील."

ते कौतुक मी निमूटपणे घेतलं. साठी उलटलेली बाई, छत्तीस वर्षं नर्स, आणि खरं सांगायचं धाडस झालं नाही. तेवढ्यात फाटक वाजलं आणि पन्नाशीची एक बाई बादली आणि ब्रश घेऊन आत आली. आम्हाला पाहून ती थबकली. मग आईकडे निरखून बघत जवळ आली आणि पाया पडली. ती सगुणामावशीची सून होती, मंदा. आईनं विचारलं, तू इकडं कशी गं?

"दर साली येते ना, मावशी. आत्याबाई गेल्यापासून मीच रंगवते," ती म्हणाली. "त्यांनी सांगून ठेवलंय."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं फक्त विचारलं, काय सांगून ठेवलंय.

मंदानं बादली खाली ठेवली. जरा घुटमळली. मग सांगायला लागली, आणि सासूची भाषा तिच्या तोंडात जशीच्या तशी आली. "म्हनाल्या, मी पयल्या साली गेल्ते, तवा माझा एकलाच दगड पांढरा हुता, बाकी समदे काळे. थरावर थर हुते. त्या बाईनं सांगितलं, मंडळी रंगवती. मंडळी काय एकच रंगवील व्हय? मी वळखलं. माझं लेकरू तिनं आपलं म्हनून जपलं हुतं, आन् मी आले तशी गुमान उठून मला दिऊन टाकलं. तिचं कुठलं ते तिला म्हाईत न्हाई. म्हनून एक बी सोडू नगा. मी गेले तरी समदे रंगवा."

पन्नास वर्षं दोघी दोन टोकांनी निघून मध्ये भेटत होत्या. दोघींनाही सगळं माहीत होतं, आणि दोघींनी एकमेकींना कळू दिलं नव्हतं. आणि मी पुण्यात बसून देव बोलत का नाही म्हणून रुसले होते. मी त्या ओळीपुढे गुडघे टेकले. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

"आई, मी नव्हते आले," मी म्हणाले. "तिन्ही वर्षं."

आई खाली बसली होती, तिसऱ्या दगडाशी. तिचं बोट खाचेत होतं. ती म्हणाली, "मी बी हितंच खोटं बोलले हुते की." आणि पुढे जरा हसून, "सगुणेनं बी पचवलं आन् देवानं बी. तुझं काय घिऊन बसलीस."

मंदा ब्रश बुडवून एका टोकानं सुरू झाली. आईला मी गाडीतली खुर्ची आणून दिली आणि दादांचा कुंचा घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. तिथं मला तो दिसला. अकराव्याच्या पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात एक वीतभर उंचवटा, त्याच्या डोक्याशी कालव्यातला एक गोटा. मंदाला विचारलं तर ती म्हणाली, ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईचं पोर, माघ महिन्यात गेलं. ते काही आपल्या चर्चच्या मंडळीतले नव्हते. रात्रीतून कुठं नेणार, म्हणून पाळकसाहेबांनी इथं जागा दिली. कारखान्याचं गाळप संपलं, टोळी गेली आपल्या मुलखात. आता परत येतात, न येतात.

आईनं खुर्चीतूनच विचारलं, काय हाय तिकडं? मी सांगितलं. ती त्या गोट्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ती त्या बाईचा विचार करतेय, जी आज कुठल्या तरी कोरड्या गावात बसून लांबचा एक दगड आठवत असेल.

"चुना उरलाय का गं?" आईनं विचारलं.

बादली अजून तशीच भरलेली होती. एकही दगड माझ्या हातून झाला नव्हता. "उरलाय," मी म्हणाले.

मी त्या गोट्याशी बसले आणि कुंचा बुडवला. आई माझ्या हाताकडे बघत होती, पण बोलली ते भलतंच, जणू मी प्रश्न कालच विचारला होता. "तू इचारलं हुतंस ना, देवाला म्हाईत हाय तर सांगत का न्हाई म्हनून. सांगितलं असतं, तर मी एकच रंगवली असती."

माझा हात थांबला. मग तिनं काठीनं गोट्याकडे दाखवलं.

"जरा दाट लाव. त्याला पयल्यांदाच लागतोय."

मी दाट लावला. गोटा नुसता भिजल्यासारखा काळपट दिसायला लागला. ओळ रंगवत मंदा आणि मी मध्ये भेटलो, मग हात धुऊन तिनं फडक्यातून भाकरी सोडली, आणि आम्ही तिघी लिंबाखाली तो गोटा वाळायची वाट बघत बसलो.